भडंगअक्काची चाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिची ही गोष्ट आहे तिला तर नाहीच नाही. तशी मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे — साताऱ्यात आमच्या गल्लीत म्हणायचे, मेधाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग हे एवढं मोठं इतकी वर्षं पोटात कसं राहिलं? मला अजून नवल वाटतं. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरते, आणि सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

बदकापासून सुरू करते. म्हणजे बघा — पहिल्याच पावलाला मी आडवाट धरली. गोष्ट बदकाची नाहीच. पण बदकावाचून तिच्यापर्यंत पोचताही येत नाही.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. चित्रकलेची पदविका घेऊन मी सांगलीत एका मिक्सिंग लॅबमध्ये कामाला लागले. लॅब हे नाव मोठं. मारुती चौकाजवळ जिना चढून एक खोली, दोन व्हीसीआर, एक मिक्सर आणि एक कॉम्प्युटर. लग्नाच्या कॅसेटी तिथं यायच्या. मी त्यांच्यावर नावं टाकायचे, फुलं उधळायचे, गुलाबाच्या पाकळीतून नवरदेवाचं तोंड बाहेर काढायचे. लोकांना ते फार आवडायचं. मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्याबरोबर ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा आला होता, आणि तो कपाटात पडून होता. तो उघडणारी मी पहिली.

आणि मग मी वेडीच झाले म्हणा ना. जेवणाचा डबा तसाच राहायचा. मी प्राणी करत बसायचे — चष्मा लावून पेपर वाचणारी म्हैस, राग आला की मुंडासं उडणारा बोकड, छत्री हरवलेला आणि म्हणून सगळ्यांवर संशय घेणारा बगळा. भाऊ मागं येऊन उभे राहायचे, हसायचे, आणि म्हणायचे की पाटलांची हळद बाकी आहे, ती आधी लाव. हळद म्हणजे हळदीच्या कार्यक्रमाची कॅसेट.

एकदा एक भडंगवाले आले. त्यांना लोकल केबलवर जाहिरात हवी होती, दुपारच्या सिनेमाआधी दाखवायला. माझी म्हैस बघून ते खूश झाले, पण म्हैस नको म्हणाले, म्हैस दुधाची वाटते. मी त्यांना बदक काढून दिलं. नऊवारी नेसलेलं, नथ घातलेलं, डोक्यावर भडंगाचा पुडा. नाव ठेवलं भडंगअक्का. चित्र बघून ते खुर्चीतून उठलेच.

पण अक्का चालेना. पाय हलायचे, पदर हलायचा, आणि ती नुसती सरकायची — कपड्यावरून इस्त्री जावी तशी. भाऊ म्हणाले, "मेधा, ही चालत नाही, हिला मागून कुणीतरी ढकलतंय." खरंच होतं ते. मी मिरजेच्या वाटेवर एका मळ्यात जाऊन हौदावरची बदकं बघितली, दोन वह्या भरल्या. बदकं बदकासारखी चालत होती. त्यांच्यात अक्का कुठंच नव्हती.

आता शालनकडे यायलाच हवं.

शालन माझी खोलीतली जोडीदार. विश्रामबागेत एका बाईंच्या घराची मागची खोली आम्ही दोघींनी घेतली होती. ती वडूजकडची, डी.एड. करत होती. घरी कोरडवाहू जमीन, आई, आणि फौजेतला भाऊ. माझ्यापेक्षा ती शांत, पण विनोद कळायचा तिला. माझ्या बगळ्याला नाव तिनंच दिलं होतं, तलाठी. लहानपणी मोठा ताप आला आणि तिचा डावा पाय आखूड राहिला. किती आखूड? बोटाच्या पेराएवढा. पण तिनं तो असा झाकला होता की तिच्या वर्गातल्या मुलींनाही पत्ता नव्हता. मिरजेतला एक चपला करणारा तिच्या डाव्या चपलेत आतून जास्तीचा थर घालून द्यायचा. तो थर वरून दिसायचा नाही. एके दिवशी तिनं ती चप्पल माझ्या हातात दिली, आत बोट दाबायला लावलं.

"तुला म्हून सांगती," ती म्हणाली. "कुटं बोलू नगंस."

मी गळ्याची शपथ घेतली. आणि मी बोलले नाही — शब्द मी पाळला. तोंडानं एक अक्षर काढलं नाही. माझ्या हातांनी काय केलं ते पुढं येतंच आहे.

त्या मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न झालं. तो सुट्टीवर आला होता. शूटिंगचं काम आमच्या लॅबला मिळालं, माझ्याच ओळखीनं, आणि मीही गेले — लाइटची वायर सांभाळायला आणि जेवायला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेव वाजतगाजत निघाला आणि त्याच्या मागं करवली म्हणून शालन, हातात करा घेऊन. कऱ्यात पाणी, वर आंब्याची पानं आणि नारळ. करा हातात असला की पायात काही घालायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. त्यामुळं ती अनवाणी होती. मी त्या वेळी काही बघितलं नाही. माझी वायर गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली अडकली होती.

बघितलं ते अडीच महिन्यांनी, लॅबमध्ये. शालनचा फौजी भाऊ परत ड्युटीवर गेला होता, दिवाळीला येईपर्यंत कॅसेट दिली तरी चालणार होतं, त्यामुळं ती मागं पडली होती. एका दुपारी मी ती लावली. आणि करवली चालत आली.

मी हातातला पेन्सिलीचा तुकडा खाली ठेवला, एवढं आठवतं.

एक पाऊल पूर्ण टेकायचं. दुसरं टेकेपर्यंत कमरेला एक झोला यायचा, उजवा खांदा पुढं, मान किंचित मागं, आणि कऱ्यातलं पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हात त्या झोल्याच्या उलट बाजूला अलगद जायचे. पाणी सांडत नव्हतं. ती हसत होती. ती आपला पाय विसरली होती — कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच असेल. मी तिच्याबरोबर वर्षभर राहत होते, रोज स्टँडपर्यंत चालत होते, आणि तिला चालताना मी कधी बघितलंच नव्हतं! बघितलं होतं ते नुसतं झाकणं. अंगावर काटा आला माझ्या. इतकी सुंदर चाल मी माणसाची पाहिलेली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आणि मग माझ्या मनात काय आलं असेल? मैत्रीण? शपथ? मनात आलं — सापडली. अक्का सापडली.

त्या काळी आमच्याकडे व्हिडिओ थेट कॉम्प्युटरात घ्यायची सोय नव्हती. आम्ही एक युक्ती करत असू. मिरजेच्या दवाखान्यांतून निकामी झालेल्या एक्सरेच्या फिल्म भाऊ आणायचे. गरम पाण्यात सोडा टाकून त्या घासल्या की काळं निघून जायचं आणि स्वच्छ पारदर्शक कागद मिळायचा. तो टीव्हीच्या काचेवर चिकटपट्टीनं लावायचा, कॅसेट पॉझ करायची, आणि थरथरणाऱ्या चित्रावरून स्केचपेननं रेघ ओढायची. मग तीच फिल्म कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावायची आणि माऊसनं पुन्हा गिरवायची. एका सेकंदाला बारा चित्रं. शालनची दोन पावलं बरोबर बारा चित्रांत बसली. बारा झाली की पुन्हा पहिलं, म्हणजे ती कायमची चालत राहणार.

हातातल्या कऱ्याऐवजी डोक्यावरचा पुडा सावरणारे हात काढले. तिचा झोला — आता इथं मी जरा थांबते — तिचा झोला मी दुप्पट केला. कार्टूनमध्ये सगळं वाढवून दाखवायचं असतं, हा त्या कामाचा पहिला धडा. नाक लांब तर फार लांब, पोट मोठं तर फार मोठं. तिचा झोला होता तसा ठेवला असता तर कुणी हसलं नसतं, नुसतं बघत राहिलं असतं. पण भडंगवाल्यांना लोक हसायला हवे होते. मलाही हवे होते. तिसऱ्या चित्रात मी कंबर ओढली, नवव्यात पुन्हा ओढली, आणि एक नितळ चाल हसण्यासारखी झाली.

जाहिरात लागली आणि सांगलीत धमाल उडाली. बायका बाजारात एकमेकींना भडंगअक्का म्हणू लागल्या. कुणी पिशवी डोक्यावर धरून तसं चालून दाखवायचं. आमच्या घरमालकीणबाईंकडे केबल होती; त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी मिळून ती बघितली. आपली चाल आपल्याला कुठं दिसते? आपला आवाज आणि आपली चाल, दोन्ही लोकांचीच असतात. शालन सगळ्यांत जास्त हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि माझ्या पाठीत थाप मारून म्हणाली की लय भारी काढलीस. मी तिच्याकडे बघत होते. मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि तरी अभिमानही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बाईंनी विचारलं, ही चाल सुचली कशी? मी म्हणाले, बदकं बघून.

दसऱ्यानंतर शालनला बघायला पाहुणे आले. तिच्या मामांचं घर सांगलीतच, तिथं कार्यक्रम; तिच्यासोबत मीही गेले. मुलगा खंडाळ्याकडे शिक्षक होता. बघायला आलं की मुलीला चालून दाखवायला सांगतात, हे तिला माहीत होतं, आणि घरात चप्पल नसते हेही. आठ दिवस आमच्या खोलीत तिचा सराव चालला होता. डाव्या पायाचा चवडा दाबायचा, टाच जराशी उचललेली ठेवायची, नजर समोर. परीक्षक कोण? मी. भिंतीशी बसून मी सांगायचे — आता दिसलं, आता नाही दिसलं. शेवटच्या दिवशी एकदाही दिसलं नाही. तिनं मला मिठी मारली.

पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाची आत्या म्हणाली, पोरी, जरा आतपर्यंत जाऊन ये. शालन गेली. काही दिसलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आत्याबाईंना तहान लागली. येताना तांब्याभर पाणी घिऊन ये म्हणाल्या.

तांब्या काठोकाठ भरलेला होता. आता लक्ष पायावर ठेवायचं की पाण्यावर? तिनं पाणी सांभाळलं. दारातून बाहेर आली ती करवलीच आली — तोच झोला, तोच खांदा, तेच उलट बाजूला जाणारे हात. एक थेंब सांडला नाही.

आत्याबाईंनी तोंडावर हात धरला. बाई वाईट नव्हत्या हो. हसऱ्या होत्या. त्यांच्या तोंडून निसटलं, "आगं बया, ही तर भडंगअक्का."

खोली हसली. मुलानं मान खाली घातली, पण त्याचेही खांदे हलत होते. मामा कसनुसे हसले. आणि मी — मी हसले.

का हसले? सगळे हसत होते म्हणून? न हसले तर कुणी माझ्याकडे बघेल या भीतीनं? इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. ते खोटं आहे. खरं असं आहे की त्या बाईंनी माझं काम ओळखलं होतं. बारा चित्रं काढली होती, आणि हाडामांसाच्या माणसाला बघून कुणाला तरी ती आठवली होती. एक क्षण मला आनंद झाला. निव्वळ आनंद. तो माझ्या तोंडावर आला आणि शालननं तो बघितला. ती तांब्या धरून उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. माझं हसणं मलाच ऐकू आलं, आणि ते थांबवायला मला वेळ लागला.

नकार आला, यात काही नवल नाही. तेवढंच असतं तर मी हे कधीच कुणाला तरी सांगून टाकलं असतं.

संध्याकाळी खोलीवर ती पदराच्या पिना काढत बसली होती. एकेक काढून डबीत ठेवत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, ती अक्का तू कशी चालवलीस. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती. तेव्हा, तिथंच, मला सांगता आलं असतं. शालन, ती तू आहेस. भावाच्या लग्नातली. मी तुझ्यासारखं चालणारं कुणी पाहिलं नाही, म्हणून काढली, आणि मग मी ती बिघडवली. तीन वाक्यं. तिनं मारलं असतं, बोलणं टाकलं असतं, तेही चाललं असतं.

त्या दिवसांत कॉम्प्युटर म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या नावावर काहीही खपायचं. मी म्हणाले, "मी कुठं चालवली गं? त्यात तयार चाली असतात. परदेशातून फ्लॉपीवर येतात — साधी चाल, पळायची चाल, हसवायची चाल. मी हसवायची घेतली."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? इतकं घडीव, इतकं पटणारं? मी स्वतःच थक्क झाले.

पिना संपल्या होत्या.

"म्हंजे परदेशात बी माजी चाल हसायचीच हाय," ती म्हणाली. मग डबीचं झाकण लावलं. "मला वाटलं हुतं तू माजी बगून काडलीस. आपल्या माणसानं काडली आसती, तर येगळं हुतं."

ऐकलंत? तिनं दार उघडून दिलं होतं. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, भूक लागलीय, पिठलं टाकूया का.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ यायच्या आधी मी लॅबमध्ये गेले. त्या बारा फिल्म गरम पाण्यात घातल्या, सोडा टाकला, आणि घासल्या. स्केचपेनच्या रेघा लगेच गेल्या. मग फौजीच्या लग्नाची कॅसेट बसवली — आणि देवळापासून मांडवापर्यंतची करवली कापून टाकली. नवरदेव देवळातून निघतो आणि एकदम मांडवात दिसतो. मध्ये मी गुलाबाची पाकळी उघडली. मूळ टेपवर त्याच आठवड्यात दुसरं कुणाचं तरी बारसं चढवलं. भीती हीच होती की कुणी ती कॅसेट आणि ती जाहिरात शेजारी-शेजारी बघेल. कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण मी पुरावा नष्ट केला, जसे गुन्हेगार करतात.

दिवाळीत फौजी आला. कॅसेट घेऊन मीच त्यांच्या गावी गेले, शालनबरोबर. भाड्यानं व्हीसीआर आणला होता, भर दुपारी सगळी भावकी ओसरीत जमली. पाकळी उघडली, मिटली, मांडव आला. शालनच्या आईनं, मी त्यांना मावशी म्हणायचे, मला विचारलं की आमची शालन करा घेऊन चालली होती, ते कुठं गेलं. मी म्हणाले, तेव्हा व्होल्टेज उतरलं होतं, मावशी, चित्र आलंच नाही.

"आसू दे," मावशी म्हणाल्या. "लय ग्वाड चालत हुती माजी पोर. म्या डोळं भरून बगितलंय."

शालन माझ्या शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "न्हाई आलं तेच बरं झालं."

तिचं पुढं वाईट झालं नाही, हे सांगायला हवं. नाहीतर तुम्ही उगाच मला काही मोठी शिक्षा झाल्यासारखं समजाल. तिला शाळा मिळाली, दोन वर्षांनी लग्नही झालं, नवरा बरा माणूस आहे. दिवाळीला तिचा फोन येतो. माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करते. माझा बगळा तलाठी तिला अजून आठवतो. अक्काचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

अक्काची चाल ज्या फ्लॉपीवर ठेवली होती ती माझ्याकडे आहे. आज कुठलंही यंत्र ती वाचत नाही. शालनची अनवाणी चाल जगात फक्त तिच्यावर उरली आहे, नथ घालून, कंबर ओढून, डोक्यावर भडंगाचा पुडा घेऊन. बाकी सगळी मी धुऊन टाकली.

माझं लग्न साताऱ्यात झालं, दशक संपता संपता. शालन तीन दिवस आधी आली. सगळं घर तिनं उचलून धरलं होतं. हळद तिनं दळली, रुखवत तिनं मांडलं, पंगती तिनं वाढल्या. आई आजही म्हणते, त्या पोरीचा पाय तीन दिवस जमिनीला लागला नाही. माझी कॅसेट मी स्वतःच जोडली. सगळ्या टेपा बघितल्या, एकदा, आणि मग पुन्हा एकदा, फक्त तिला शोधत. कॅमेरा खोलीत आला की ती कुठंतरी टेकलेली असते. कॅमेरा फिरून परत आला की ती जागा रिकामी.

तीन तासांची कॅसेट आहे. शालन तीत नऊ वेळा दिसते. नऊही वेळा बसलेली.